आमच्या घरमालकांचा दारूचा कायदा

घर भाड्याने देताना शाळा सोडल्याचा दाखला मागणारे घरमालक मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते चेन्नईत. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. श्रीपेरुंबुदूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि महिनाभर गिंडीच्या आसपास घर शोधून मेटाकुटीला आलो होतो. बॅचलर म्हटलं की दार लावून घ्यायचं, अशी त्या भागात पद्धतच होती. लग्न झालंय का, मांस खाता का, मित्र येतात का, असे तीन प्रश्न ठरलेले. मी मुळात तिरसट माणूस. अशा एका घरमालकीण मामींना मी सांगून आलो की बायको मिळाली की सगळ्यात आधी तुम्हालाच कळवतो. त्यांना माझं इंग्रजी कळलं नसावं, कारण त्यांनी मान डोलावून दार लावलं.

शेवटी माझ्यासारखाच घराविना फिरणारा नागपूरचा एक मुलगा भेटला. तो कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याला अडंबाक्कमला एका मराठी गृहस्थांचा वरचा मजला रिकामा असल्याचं कळलं होतं. आम्ही दोघे गेलो. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. बदलीवर म्हणून मद्रासला आले, ते शहराचं नाव बदललं तरी तिथेच राहिले. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकांनी आम्हाला लग्न, मांस, मित्र यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी जन्मतारखेचा पुरावा मागितला.

करारनाम्यात एक कलम होतं. भाडेकरूने वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत सदर वास्तूत कडक मद्य प्राशन करू नये. खाली कंसात लिहिलं होतं, बिअरसाठी एकवीस. मला वाटलं, काका थट्टेखोर आहेत. मी हसलो. काका हसले नाहीत.

"हा माझा नियम नाही. कायदा आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी दाखल्यावरून आमच्या जन्मतारखा उतरवून घेतल्या आणि आमचे पंचविसावे वाढदिवस कधी येतात ते बोटांवर मोजून सांगितलं. नागपूरकराला साडेसहा महिने बाकी होते, मला दीड वर्ष. काकांच्या चेहऱ्यावर पक्षपाताचा लवलेश नव्हता. तारीख उलटली की आम्ही खुशाल वर बसून प्यावी, त्यांची काही हरकत नव्हती.

खरं तर मला दारूचं फारसं कौतुक नव्हतं. दोनदा प्यायलो होतो आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसलो होतो. पण मनाई म्हटली की माझं टाळकं सरकतं. तो करार केल्यापासून मला रोज संध्याकाळी तहान लागायला लागली.

गंमत म्हणजे काका स्वतः घेत. दर शनिवारी संध्याकाळी दोन पेग, सोबत काकूंनी केलेली शेंगदाण्याची कोशिंबीर. पण ते परवान्यावर घेत. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हे माझ्यासारख्या पुण्याच्या मुलाला ऐकून माहीत होतं. तो काढलेला माणूस मात्र मी प्रथमच पाहत होतो. काकांचे थोरले भाऊ तिकडे दारूबंदी खात्यात होते. त्यांनी काकांना आजन्म परवाना काढून दिला होता आणि नियम बदलला की ते पत्राने कळवत. काका तो परवाना प्लास्टिकच्या पाकिटात घालून, कापडी पिशवी घेऊन सरकारी दारूच्या दुकानात जात. दुकानाच्या जाळीसमोर ही झुंबड. सगळ्यांचे हात जाळीतून आत. काका मात्र एका हाताने परवाना उंच धरून उभे. विक्रेत्याने तो एकदाही पाहिला नाही. यावरून काकांनी निष्कर्ष काढला होता की या शहरात कायद्याची अंमलबजावणी फार ढिली आहे.

इथवर सगळी मजाच होती. पण पहिल्या पंधरवड्यातच काकूंनी मला त्या कलमाचं मूळ सांगितलं. वरचा मजला त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा होता. दोन वर्षांपूर्वी, तो बावीस वर्षांचा असताना, काका-काकू गावाला गेले होते आणि एक दिवस आधी परतले. वर मुलगा आणि त्याचे कॉलेजचे दोन तमिळ मित्र रम घेऊन बसले होते. काकांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी त्या तिघांना उभं करून इंग्रजीतून कायदा समजावून सांगितला. मित्रांना हसू आवरेना. मुलाने मित्रांना गप्प केलं, खाली सोडून आला, आणि मग बापलेकांत काय बोलणं झालं ते काकूंना पुरतं कळलं नाही, कारण दार लावलेलं होतं. आठवड्याने मुलगा बंगलोरला नोकरीला निघून गेला. तेव्हापासून घरी आला नव्हता. दोन गणपती त्याच्याशिवाय झाले.

काकांचं म्हणणं साधं होतं. पिण्याबद्दल त्यांचा राग नव्हता, तीन वर्षं थांबता आलं नाही याबद्दल होता. मुलाने कायदा मोडला हे कबूल करावं आणि यावं. काकू दुपारी काका झोपले की मुलाला फोन करत. काकांना हे माहीत नाही असं काकू धरून चालत, आणि काका रोज बरोबर दोनला घोरायला लागत, त्यामुळे मला त्या घोरण्याचा संशय येई. पण स्वतः फोन उचलून बोलतील तर शपथ.

मी काही त्या घरचा नव्हतो, तरी मला याचा त्रास व्हायचा. मी त्या मुलाच्या खोलीत, त्याच्या पलंगावर झोपत होतो. काकू वर कपडे वाळत घालायला आल्या की दारातून आत एकदा बघत. तिथे मी दिसलो की ओशाळं हसत आणि डोशाचं पीठ आंबवलंय, खाली ये, म्हणत. असले डोसे घशाखाली उतरायला जड जातात. मी ते खात होतो हा भाग वेगळा.

त्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाने वादविवाद स्पर्धा ठेवली. मंडळ म्हणजे त्या भागातली पन्नासेक मराठी कुटुंबं. रेल्वेतली, बँकेतली, संरक्षण कारखान्यातली जुनी मंडळी आणि आमच्यासारखी नवी पोरं. स्पर्धेला आधी सलग तीन वर्षं मोबाइल शाप की वरदान हाच विषय होता, आणि तिन्ही वर्षी मोबाइल शाप ठरून सगळे खिशातले मोबाइल वाजवत घरी गेले होते. काका परीक्षक असत. या खेपेस त्यांनी हट्टाने नवा विषय लावला. मद्यपानाची कायदेशीर वयोमर्यादा पंचवीसवरून एकवीसवर आणावी काय? तो का लावला हे सगळ्यांना कळलं होतं. काकांना भर सभेत कुणाकडून तरी ऐकायचं होतं की पंचवीसच बरोबर आहे.

चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या नशिबी अनुकूल बाजू आली, म्हणजे मर्यादा कमी करा असं मी म्हणायचं. नागपूरकराला प्रतिकूल. पंधरा दिवसांवर पंचविसावा वाढदिवस आलेला माणूस जगातल्या सगळ्या तरुणांना पंचविशीपर्यंत थांबवायला निघाला, आणि वर रात्रंदिवस आरशासमोर सरावही करू लागला. मी चिडून मुद्दे काढत होतो. एकवीस वर्षांच्या माणसाला मत देता येतं, लग्न करता येतं, आमच्या कारखान्यात त्याला दोनशे टनांच्या प्रेसखाली हात घालायला उभं करतात, मग त्याच्या हातात ग्लास दिला की तोच माणूस लहान कसा होतो? मुद्दा बरा होता. पण तो काकांसमोर मांडायचा म्हणजे त्यांच्या मुलाची वकिली केल्यासारखं होणार, हेही मला कळत होतं.

स्पर्धा शनिवारी संध्याकाळी होती. त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. गिंडीला आमची कंपनीची बस ज्या जागी थांबे, त्याच्या समोर एक सरकारी दारूचं दुकान होतं. त्या वेळी ते बंद असे. मी तेव्हा तमिळ वाचायला शिकत होतो आणि बसची वाट पाहताना समोरच्या पाट्या एकेक अक्षर जुळवत वाचायचा माझा नाद होता. दुकानाच्या भिंतीवर रंगवलेल्या मजकुरात २१ हा आकडा मी सहा महिने रोज पाहत होतो. तो दुकानाचा क्रमांक आहे अशी माझी खात्री होती. त्या शनिवारी मात्र आकड्याच्या पुढचा शब्द लागला. वयदु. वय.

मी शेजारी उभ्या असलेल्या आमच्या पाळीच्या तमिळ सुपरवायझरला विचारलं. त्याने पाटीकडे न बघताच सांगितलं की एकवीस वर्षांखालच्यांना दारू विकली जाणार नाही. मी विचारलं, आणि कडक दारू? रम? तो म्हणाला, सगळी दारू. मी विचारलं, आणि पंचवीस? त्याने मला विचारलं की तुझी तब्येत बरी आहे ना. परवाना लागतो का, हे विचारायचं मी टाळलं.

बस आली. मी खिडकीशी बसलो आणि मला आधी हसू आलं. पन्नास कुटुंबं, त्यांतली कित्येक वीस-तीस वर्षं या शहरात राहिलेली, इथलं पाणी प्यायलेली, इथल्या निवडणुकांत मतं दिलेली, आणि आम्ही सगळे मिळून संध्याकाळी अशा गोष्टीवर भांडणार होतो जी इथे आधीच होऊन बसली होती. महाराष्ट्र आम्ही सोडला होता, पण त्याची दारूबंदी सोबत बांधून आणली होती. मग वाटेत पूनमल्लीच्या आसपास हसू थांबलं. बावीस वर्षांचा तो मुलगा रम प्यायला तेव्हा त्याने कुठलाच कायदा मोडलेला नव्हता. दोन वर्षं हे घर ज्या गोष्टीवर अडून बसलं होतं ती गोष्टच नव्हती.

दुपारी परतल्यावर मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. काका आत घोरत होते. मी पाटीची हकिगत सांगितली आणि विचारलं की संध्याकाळच्या आधी काकांच्या कानावर घालू का. काकूंना आश्चर्य वाटलं असं मला दिसलं नाही. त्या बराच वेळ गॅसची ज्योत कमी-जास्त करत राहिल्या.

"घरात हे ऐकणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तिथे परीक्षक आहेत, ऐकून घ्यावंच लागेल. तू सभेत सांग. मला सांगता यायचं नाही, मी शब्द दिलाय."

कुणाला, कसला, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या हातात चहा दिला, आणि मला कळलं की आपण बक्षिसाच्या पलीकडचं काहीतरी अंगावर घेतलंय.

लग्नाच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. पन्नास कुटुंबं म्हणता म्हणता दीडशे माणूस जमलं. पहिल्या रांगेत तंजावरकडच्या एक आजी बसत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. त्यांचं मराठी आम्हाला बखरीसारखं वाटे, आणि आमचं त्यांना उद्धट. आधी नागपूरकर बोलला. तरुण पिढी, संस्कार, यकृत, आई-वडिलांचे कष्ट असं सगळं ओळीने घेत तो शेवटी देशापर्यंत पोहोचला. काका मान डोलवत गुण लिहीत होते.

मी उभा राहिलो. प्रेसचा मुद्दा पाठ होता, तो तोंडातून निघेना. मी एवढंच म्हणालो की मर्यादा पंचवीसवरून एकवीसवर आणा अशी मागणी मला करायची होती, पण ती करता येत नाही, कारण आपण बसलोय त्या राज्यात ती एकवीसच आहे. पंचवीस आपल्या गावाकडे आहे.

हॉलमध्ये खसखस पिकली. काकांनी घंटा वाजवली. वेळ संपली नव्हती, पण वाजवली. मग त्यांनी परीक्षकाच्या आवाजात पुरावा मागितला. मी वहीत पाटीचा मजकूर उतरवून आणला होता, पण माझं तमिळ अक्षर मलाच वाचता येईना. तेव्हा तंजावरच्या आजींनी हात पुढे केला. वही डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी ते आधी तमिळमध्ये वाचलं आणि मग आपल्या सावकाश चालीत सांगितलं.

"एकवीस वर्षांच्या आंत असणारांस मद्य विकणार नाहीं. असेंच आहे हें. तुम्हांस ठाऊक नव्हतें?"

सगळे हसले. दीडशे माणसं हसली, कारण दीडशे माणसांना ते ठाऊक नव्हतं किंवा कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. काका हसले नाहीत. त्यांनी आजींना विचारलं, हे कधीपासून. आजी म्हणाल्या, पाटी जुनीच आहे, बरीच वर्षं झाली. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानंतर त्यांनी ठरल्याप्रमाणे निकाल जाहीर केला. पहिलं बक्षीस नागपूरकराला. माझ्याबद्दल शेरा होता, वक्त्याने विषयच रद्द केल्यामुळे गुण देता येत नाहीत. ते तसे न्यायीच होते.

घरी परतताना ते आमच्या पुढे चालत होते, एकटेच. शनिवार असूनही त्या संध्याकाळी त्यांनी पेग घेतला नाही. मला वाटलं, आता आपला करार संपला. मी मनातल्या मनात पुन्हा त्या मामींच्या दारापर्यंत जाऊन आलो.

रविवारी सकाळी काका वर आले. भाडेकरू आल्यापासून ते जिना चढलेच नव्हते. ते पलंगाकडे न बघता सरळ गच्चीत गेले आणि माझा मोबाइल मागितला. अनोळखी नंबर असला तर उचलेल, म्हणाले. मुलाचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. माझा मोबाइल जुना, त्याचा आवाज एवढा की पलीकडचं बोलणं शेजारच्या गच्चीवर ऐकू जाई. मी खाली जायला निघालो तर काकांनी हातानेच थांबवलं. बहुधा त्यांना साक्षीदार हवा होता. जिन्यात काकू उभ्या होत्या.

पलीकडून हॅलो आलं. काकांनी कोण बोलतंय ते सांगितलं नाही. ते बँकेत पत्र वाचून दाखवावं तसं बोलले, की तू कायदा मोडलेला नव्हतास, इथे एकवीस आहे, मला काल कळलं, चूक माझी होती.

मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा."

काकांनी विचारलं, "कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मी इथेच वाढलोय ना. माझ्या मित्रांनाही माहीत होतं, म्हणून तर ते हसत होते."

"मग बोलला का नाहीस?"

"त्यांच्यासमोर तुम्ही परवाना दाखवत होता. मी काय बोलू?"

काकांनी मोबाइल एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. काकूंनी शब्द कुणाला दिला होता ते मला तेव्हा कळलं. हा मुलगा मी कधी पाहिलेला नव्हता, सहा महिने त्याच्या उशीवर डोकं ठेवून त्याला मनातल्या मनात हट्टी ठरवत होतो.

"मग नंतर तरी यायचंस," काका म्हणाले. आवाज आता बँकेतला राहिला नव्हता. "दोन वर्षं झाली."

"तुम्हीच म्हणाला होतात की पंचवीस पूर्ण झाल्याशिवाय या घरात पाऊल टाकू नकोस. पाचच महिने राहिलेत आता. मार्चमध्ये येणार होतो."

बंद दारामागे हे वाक्य बोललं गेलं होतं, आणि काका ते बोलून विसरून गेले होते. मुलगा ते पाळत बसला होता. काका गच्चीच्या कठड्यावर बसले. मोबाइलमधून बाबा, बाबा अशा हाका येत होत्या. शेवटी काकू पुढे झाल्या, तसं काकांनी त्यांना हाताने अडवलं, घसा खाकरला, आणि बोलले.

"मर्यादा कमी केली आहे," ते म्हणाले. "आजच नीघ."